तांबं बघणारे काका

केबलचं नवं खोकं आलं की ते आधी ब्लेड काढायचे. शर्टाच्या खिशात, कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड कायम असे. खोक्यातून वीतभर केबल ओढायची, वरचं निळं कवच सोलायचं, आतल्या आठ तारांतली एक वेगळी करून तिला खरवडायचं, आणि मग खिडकीशी जाऊन ती उन्हात धरायची. आतपर्यंत लाल दिसली तर म्हणायचे, "हां, तांबं हाय. घ्या." वरचा मुलामा निघून आत पांढरं दिसलं, तर खोकं उचलून दाराबाहेर ठेवायचे. दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी.

रत्नागिरीतल्या ज्या रुग्णालयात मी आवक-जावक टेबलावर बसते, तिथे ते नेटवर्कचं काम बघायचे. सगळे त्यांना काका म्हणत, मोठे डॉक्टरसुद्धा. आधी टेलिफोन खात्यात होते. रस्त्याकडेच्या खड्ड्यात बसून तारांच्या शंभर जोड्यांच्या केबली जोडायचं काम त्यांनी वीस-बावीस वर्षं केलं होतं. खात्याने माणसं कमी केली तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते आमच्याकडे कंत्राटावर आले. जोड्यांचे रंग त्यांच्या जिभेवर होते. जिना चढताना, डबा खाताना पुटपुटायचे, "निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी." नवीन सिस्टर त्यांना बघून बिचकायच्या. जुन्या सांगायच्या, काही नाही, काकांचा जप चाललाय.

त्यांच्याकडे बटणांचा फोन होता. अख्ख्या रुग्णालयाचं वायफाय ज्या माणसाच्या हातात, त्याने ते कधी वापरलं नव्हतं. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "वायरलेस म्हणजे शेवटच्या पाच हातांपुरतां, बाय. त्याच्या आधी सगळी तारच हाय. लोकांना छताची तबकडी दिसते. तबकडीच्या मागे काय हाय तां कोण बघत नाय."

छताला लावलेल्या त्या पांढऱ्या यंत्राला ते तबकडी म्हणत. तिच्यातून वायफाय पसरतं. तिला वेगळं विजेचं कनेक्शन नसतं. नेट ज्या केबलमधून येतं त्याच केबलमधून तिची वीजही येते. हे मला त्यांनीच समजावलं. त्यात त्यांना फार कौतुक होतं. जुने टेलिफोन असेच चालायचे म्हणे, घरातली लाईट गेली तरी फोन चालू, कारण वीज एक्स्चेंजमधून तारेवरून यायची. "नवां काय नाय ह्यात. फक्त आता तारेवर बोजा वाढलाय."

डॉक्टर म्हणाले, "काका, नेट मिळत नाही," तर यांचा प्रश्न ठरलेला, "कुठच्या खाटेपाशी उभे होतात?" रुग्णालयाचा नकाशा त्यांच्या डोक्यात खाटांच्या नंबरांनी होता. मग शिडी घेऊन तिथलं छताचं फळकूट सरकवायचे आणि खांद्यापर्यंत आत जायचे. खालून फक्त पाय दिसायचे, आणि जिथे तिथे शिवलेली चप्पल शिडीच्या खालच्या पायरीवर. आत हात घालून केबलींच्या जुडग्यावर तळवा ठेवून थांबायचे. "ताप हाय का बघतो," म्हणायचे. उतरले की केसांत जळमटं.

केबली बांधायला ते प्लॅस्टिकचे पट्टे वापरू देत नसत. आवळून बांधलं की आतल्या जोड्या दबतात, असं त्यांचं म्हणणं. ते वापरायचे बायकोच्या जुन्या पातळांच्या पट्ट्या. काकी आठवड्यातून दोनदा आमच्याकडेच डायलिसिसला यायच्या. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. दोघं रत्नागिरीजवळ कुवारबावला भाड्याच्या खोलीत राहायची, मूळ गाव हेदवीच्या पलीकडे. काकी मशिनला लावलेल्या असायच्या आणि काका शेजारच्या स्टुलावर बसून केबलींना टोकं लावत असायचे. काकी मला सांगायच्या, "माझी सारी पातळां नेऊन वर बांधलीत ह्यांनी. लोक विचारतात, माळ्यावर धुणां वाळत घातलाय काय." काका मान वर न करता म्हणायचे, "सुती हायत. सुती चांगली."

काकींच्या डायलिसिसला कर्मचारी म्हणून सवलत होती. ती नसती तर त्यांना परवडण्यासारखं नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं.

मग नवी इमारत झाली. तीन मजले, हृदयरोगाचा वेगळा कक्ष, आणि प्रत्येक मजल्यावर नव्या तबकड्या. त्या जुन्यांपेक्षा अडीच पट वेगाने डेटा ओढणार होत्या आणि वीज तिप्पट खाणार होत्या, दोन्ही एकाच केबलीतून. हृदयाच्या रुग्णांच्या गळ्यात एक छोटं यंत्र अडकवायचं, ते ठोके वायफायवरून सिस्टरच्या टेबलावरच्या पडद्याला कळवणार, आणि गडबड झाली की तिथे घंटा वाजणार. वायरी नकोत, रुग्ण मोकळा हिंडू शकतो. कल्पना चांगली होती. काकांनाही आवडली होती.

केबल टाकायचं काम बाहेरच्या एका कंत्राटदाराला दिलं. काकांना विचारलं नाही. काम निम्मं झाल्यावर ते सहज बघायला गेले आणि खिशातलं ब्लेड काढलं. संध्याकाळी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. मुठीत वीतभर तार होती. ट्यूबलाइटखाली धरून दाखवली. लाल मुलाम्याखाली पांढरी.

"अॅल्युमिनियम हाय, बाय. खोक्यावर तांबं छापलाय."

"चालत नाही का?"

"नेट चालतां. बोजा पेलत नाय. लांब नेली की शेवटाला वीज पोचत नाय पुरती. आणि अशा चाळीस-पन्नास एकत्र बांधल्या की तापतात." मग म्हणाले, "मला कागद करून दे. मला तुमच्यासारखी भाषा येत नाय."

माझे वडील देवरूखजवळच्या एका गावात शिक्षक होते. रविवारी विहारात मुलांना जमवून अर्ज कसा लिहायचा ते शिकवायचे. विषय, संदर्भ, महोदय. कागदाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे त्यांनी आम्हाला घोकून घेतलं होतं. त्यामुळे काकांचं पत्र मी मनापासून लिहिलं. "आग लागण्याचा संभव आहे" असं वाक्य मी घातलं होतं. ते त्यांनी काढायला लावलं.

"आग लागेल तां मला माहीत नाय. तापेल लिही. शेवटच्या खोल्यांतल्या तबकड्या बंद-चालू होतील लिही. माहीत हाय तेवढांच लिही."

त्यांनी सही केली, मी आवक क्रमांक घातला, शिक्का मारला, त्यांच्या प्रतीवर पोच म्हणून माझी सही केली. त्यांनी ती प्रत चार घड्या घालून ब्लेडाशेजारी खिशात ठेवली.

पत्राला उत्तर आलं नाही. त्याऐवजी काम समाधानकारक झाल्याचा दाखला त्यांच्या सहीसाठी आला. ते सही करेनात. रोज फाईल त्यांच्याकडे जायची आणि तशीच परत यायची. उद्घाटनाची तारीख ठरली होती, पत्रिका छापून झाल्या होत्या. शेवटी व्यवस्थापकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. फाईल घेऊन मी होते.

साहेब आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी चहा मागवला. "काकींचं कसं आहे?" विचारलं. काका म्हणाले, बरं आहे. मग साहेब म्हणाले, "कंत्राटदाराने तपासणी करून दिली आहे. सगळे हिरवे दिवे लागलेत. तुम्ही एकटेच म्हणताय."

"दिवे लागतात. उन्हाळ्यात, पुरता बोजा आल्यावर बघा."

"सही करायची नसेल तर नका करू. मी जबरदस्ती करणार नाही. संचालक मंडळाला कळवतो, की आमचा माणूस सहकार्य करत नाही. मग कंत्राटाचं नूतनीकरण, सवलती, सगळ्याचाच फेरविचार होईल. ते माझ्या हातात राहणार नाही."

काकांनी चहाचा कप बशीत ठेवला. नंतर माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, तारीख कुठची आज?" मी सांगितली. त्यांनी सही केली, खाली तारीख घातली. बाहेर आल्यावर भिंतीला हात लावून थोडे थांबले. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी फाईल घेऊन पुढे गेले.

त्या दिवसापासून रंगांचं पुटपुटणं थांबलं. दिवसातून चार-पाच वेळा ते नव्या इमारतीत शिडी लावून वर जायचे. मार्च-एप्रिलमध्ये छताच्या वरच्या पोकळीत हात घालवत नाही इतकं तापतं. ते तळवा लाल करून खाली यायचे. शेवटच्या दोन खोल्यांतल्या तबकड्या मधूनच बंद पडून पुन्हा चालू व्हायला लागल्या होत्या. चार-पाच मिनिटांचाच खंड. सिस्टरच्या पडद्यावर तेवढा वेळ "संपर्क नाही" असं दिसायचं, बारीक घंटा वाजायची, मग सगळं पूर्ववत. दिवसातून दहादा झाल्यावर सिस्टरांनी त्या बारीक घंटेकडे बघायचं सोडलं. त्यांना तरी काय म्हणायचं.

काका वही घेऊन कक्षातल्या बाकावर बसायला लागले. आठवडाभराने मला वही दाखवली. "बघ. जास्तीत जास्त वेळा बंद पडली ती चार ते सहा."

"भेटीची वेळ?"

"होय. माणसं येतात. शंभर फोन एकदम तबकडीला लागतात. तिला काम वाढतां, ती जास्त वीज मागते, आणि तार देऊ शकत नाय. मग ती मरते."

त्यांनी हाताने लिहून दोन कागद भिंतीवर लावले, भेटीला येणाऱ्यांनी फोनचं वायफाय बंद ठेवावं. नव्या इमारतीत ते बरं दिसत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी ते कागद काढले गेले. मग त्यांनी तबकड्यांची ताकद कमी करून ठेवली. बंद पडायचं थांबलं, पण वेग निम्म्यावर आला. कंत्राटदाराच्या माणसाने येऊन साहेबांना दाखवलं, की बघा, तुमच्याच माणसाने वेग पाडलाय. ताकद पुन्हा वाढवली गेली, आणि काकांकडचा पासवर्ड काढून घेतला. त्यानंतर ते नुसते बाकावर बसून राहायचे. हातात वही असायची, पण लिहीत नसायचे.

मे महिन्यात, संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत, शेवटच्या खोलीतले एक गृहस्थ गेले. सावर्ड्याचे. किराणा मालाचं दुकान होतं त्यांचं. दोन दिवसांत घरी सोडणार होते. मुलगा चहा आणायला खाली गेला होता. सिस्टरच्या पडद्यावर "संपर्क नाही" आलं होतं, नेहमीसारखं. कक्ष माणसांनी भरलेला होता, कोणीतरी पेढे वाटत होतं. मुलगा परत आला तेव्हा वडील कुशीवर होते. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं असतं तरी वाचले असते असं सांगता येत नाही. ते खरंही असेल.

त्या वेळी काका बाकावर होते. तबकडीचा दिवा गेलेला त्यांनी बघितला होता. सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात त्या रॅकच्या खोलीकडे ते धावले होते, तिथून बंद करून चालू करायला. रुग्णाकडे जायचं त्यांना सुचलं नाही. हे त्यांनी मला नंतर दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा त्याच शब्दांत.

चौकशीला मंडळाचे तिघे बसणार होते. आदल्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. "ते एक पत्र होतं ना काकांचं. त्याची कार्यालयीन प्रत द्या." मी दिली. "नोंदवही?" तीही नेली. त्यांनी ती ओळ बघितली आणि वही माझ्याकडे सरकवली. तोंडाने काही सांगितलं नाही. माझा भाऊ तेव्हा घरीच होता, कामाविना. वडिलांना जाऊन वर्ष झालं होतं. ही कारणं मी पुष्कळदा स्वतःला सांगितली आहेत. टेबलावर येऊन मी त्या ओळीवर पांढरी शाई लावली आणि वाळल्यावर तिथे एका औषध कंपनीच्या माहितीपत्रकाची नोंद केली.

चौकशीत काकांना विचारलं, सही तुमचीच का. ते म्हणाले, होय. आधी काही लेखी कळवलं होतं का? ते म्हणाले, कळवलं होतं. तेव्हा मला बोलावलं. नोंदवही उघडून ठेवली होती. अध्यक्षांनी विचारलं, "असं काही पत्र आवक झालं होतं?"

मी म्हणाले, "नोंद दिसत नाही."

काका माझ्यापासून हातभर अंतरावर बसले होते. त्यांनी वहीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचा हात छातीवरच्या खिशापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मग ते अध्यक्षांना म्हणाले, "नसेल. माझ्याकडून द्यायचां राहिलां असेल. वय झालां."

त्यांचं कंत्राट त्याच आठवड्यात संपवलं. निरोप समारंभ वगैरे काही नाही. शिडी रुग्णालयाची होती ती ठेवून गेले.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. ते सावर्ड्याला त्या गृहस्थांच्या घरी गेले होते. बाराव्याला. मुलापाशी बसून त्यांनी तारेचं, बोजाचं, सहीचं सगळं सांगितलं. मुलाने ऐकून घेतलं. शेवटी तो म्हणाला, "काका, वायफायने माणूस कसा मरेल? वडिलांची वेळ झाली होती. तुम्ही जेवून जा." आणि त्याने त्यांना पंगतीत बसवलं. "जेवलो गो मी," काका मला पुढे भेटल्यावर म्हणाले. "तो आग्रह करत होता. माझ्या सहीचां कोणाला कायच वाटत नव्हतां."

पगार आणि सवलत दोन्ही गेल्यावर कुवारबावची खोली सोडून दोघं गावी गेली. तिथून डायलिसिसला यायचं म्हणजे तवसाळच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून जयगडला, आणि तिथून पुढे रत्नागिरीच्या सरकारी रुग्णालयात. आठवड्याला दोनदा तो प्रवास काकींना झेपेना. दोनाचं एक झालं. पावसाळ्यात एकही हुकायला लागलं. गणपतीच्या आधी काकी गेल्या.

मी त्यांच्या गावी गेले ती दिवाळीनंतर. काका ओटीवर बसले होते. दाढी वाढलेली. मला ओळखून "ये बाय" म्हणाले, आत जाऊन पाणी आणलं. मी घरून ठरवून गेले होते काय बोलायचं ते. बोलले. पांढऱ्या शाईचंही सांगितलं.

मग ते उठले, खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. पोच. माझा शिक्का, माझी सही, क्रमांक.

"त्या दिवशी खिशात होता," ते म्हणाले.

"मग काढला का नाहीत?"

"काढला असता तर तुझी सही दिसली असती. माझी तर आधीच दिसली होती." पुढे म्हणाले, "आपल्याला काय करायला लावतात तां मी त्या केबिनमध्ये बघितलां होतां, बाय. तुला आणखी कशाला."

मला रडू आलं. त्यांनी मला समजावलं नाही, आणि रडू नको असंही म्हणाले नाहीत. माझे डोळे पुसून झाल्यावर विचारलं, "केबली काढल्या का त्या?"

नव्हत्या काढल्या. उलट दोन मजल्यांवर आणखी नव्या, आणखी वेगाच्या तबकड्या बसवायचं चाललं होतं. केबली त्याच. मी सांगितलं.

त्यांनी आतून पेन आणलं. मग म्हणाले, "परत कागद कर. सही मी करतो. पदाच्या जागी माजी लिही."

तिथेच बसून मी लिहिला. जुनाच मजकूर, वर एका मृत्यूची भर. त्यांनी शब्द न शब्द वाचला, सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो नोंदवहीत चढवला. शाईच्या पेनाने, पूर्ण विषय लिहून. राजीनाम्याचा मजकूरही मी मनात तयार ठेवला होता. पत्र घेऊन केबिनमध्ये गेले आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. सही बघितली. मला वाटलं, आता विचारतील.

"बरं," ते म्हणाले. "फाईलला लावा." आणि दुसरा कागद ओढला.

मी दारापाशी थोडी उभी राहिले. त्यांनी मान वर केली नाही. मी टेबलावर परत आले, पत्र फाईलला लावलं. संध्याकाळपर्यंत कोणी बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या गोष्टीला आता वर्ष होत आलं. केबली तिथेच आहेत, आणि मीही इथेच आहे, याच टेबलावर. मला कोणी काही केलं नाही. चौकशीच्या त्या दिवशीही बहुतेक केलं नसतं.